पुराच्या जिल्ह्यात ओएसआरएम

कोल्हापूर जिल्ह्यातील दूध संकलनाच्या गाड्यांचे मार्ग आखण्यासाठी आम्ही ओएसआरएम हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरतो. पूर्वी हे काम पायथनमधील नेटवर्कएक्सवर चालत असे. अभ्यासासाठी ती लायब्ररी उत्तमच आहे; मात्र तिच्यात प्रत्येक जोडरस्त्याची माहिती पायथनच्या डिक्शनरीत राहत असल्याने मेमरी फुगते, आणि सर्वांत कमी अंतराचा रस्ता शोधण्याची डायक्स्ट्राची 1959 ची पद्धत, जी जवळची ठिकाणे आधी तपासत सर्व दिशांना पसरते, जशीच्या तशी चालवली तर कोल्हापूरहून गडहिंग्लजचा रस्ता शोधताना उलट दिशेचा पन्हाळाही आधी धुंडाळला जातो, कारण तो जवळ आहे.

ओएसआरएम नकाशावरची बरीचशी आकडेमोड आधीच उरकून ठेवते. यातील ‘कॉन्ट्रॅक्शन हायरार्की’ ही 2008 मध्ये कार्लस्रूह येथील संशोधकांनी मांडलेली पद्धत कमी महत्त्वाचे नोड (नकाशातील रस्त्यांचे बिंदू) एकेक करून बाजूला काढते आणि गरज असेल तेथे शॉर्टकट, म्हणजे वगळलेल्या बिंदूंना ओलांडणारे थेट दुवे, जोडते. उत्तर डायक्स्ट्राइतकेच अचूक, पण विलक्षण वेगाने मिळते. अडचण एवढीच, की रस्त्यांचे वेग बदलले की शॉर्टकटांची बांधणी पुन्हा करावी लागते.

आपल्याकडे पावसाळ्यात पंचगंगा चढू लागली की एकामागून एक बंधारे पाण्याखाली जातात, आणि सकाळी चालू असलेला रस्ता संध्याकाळी बंद असतो. अशा वेळी ओएसआरएममधीलच ‘एमएलडी’ (मल्टी-लेव्हल डायक्स्ट्रा) हा दुसरा पर्याय सरस ठरतो; त्यात नकाशाचे विभाग एकदाच पाडले जातात आणि वेग बदलल्यावर फक्त ‘कस्टमाइज’ हा टप्पा पुन्हा चालवावा लागतो. बंधाऱ्यावरच्या रस्त्याच्या दोन टोकांचे नोड क्रमांक आणि वेग शून्य अशी ओळ सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी विभागलेल्या साध्या तक्त्यात) लिहिली की तो तुकडा बाद होतो. ओळी मात्र दोन हव्यात, जाण्याची वेगळी आणि येण्याची वेगळी. नाहीतर परतीची गाडी खुशाल पाण्यातून काढली जाईल.

उणिवाही आहेत. मोटारीचे तयार प्रोफाइल, म्हणजे कोणत्या रस्त्यावर किती वेग धरायचा याची नियमावली, मुख्य रस्त्याला ताशी 65 किलोमीटर वेग धरते, जो उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलेल्या टेम्पोला स्वप्नातही गाठता येणार नाही. त्यामुळे प्रोफाइलमधले आकडे स्वतः बदलणे अपरिहार्य आहे. शिवाय, ओएसआरएम ज्यावर चालते त्या ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मुक्त नकाशावर वाडीचा रस्ताच नोंदलेला नसेल, तर कितीही वेगवान गणित निरुपयोगी आहे.

शेकडो गावांमधील परस्पर अंतरांचा मोठा तक्ता उन्हाळ्यात एकदाच काढायचा असेल, तर कॉन्ट्रॅक्शन हायरार्की निवडावी. जून ते सप्टेंबर मात्र एमएलडीच वापरावी. प्रत्येक मार्ग शोधताना तिला थोडा वेळ जास्त लागला तरी चालेल.