अंगरक्षक कोण: जॉन विक की फास्टर फेणे?

गणपतीत लक्ष्मी रोडवरून एखाद्या पाहुण्याला सुखरूप न्यायचंय, सोबत कोण? कट्ट्यावर मतं जॉन विककडेच, म्हणजे हॉलिवूडपटांतल्या त्या मारेकऱ्याकडेच, झुकतात. पण अंगरक्षकाचं काम मारणं नव्हे; माणसाला झाकून तिथून बाहेर काढणं.

विकचा नेम अचूक, वादच नाही. २०१७च्या दुसऱ्या भागात त्याच्या कोटाला गोळी अडवणारं अस्तर आलं. गोळीबारात तो कोटाची बाजू तोंडासमोर धरतो. पण त्यामागे मावतो तो एकटाच! शिवाय तो हल्लेखोरावर चालून जातो, म्हणजे पाहुणा उघड्यावर. अंगरक्षक हाताच्या अंतरावरच हवा. आणि एवढ्या दाटीत गोळी आरपार गेली, तर मागचा ढोलवाला आडवा.

फास्टर फेणे म्हणजे भा. रा. भागवतांच्या गोष्टींतला फुरसुंगीचा बन्या, काडी पहिलवान. ढाल म्हणून शून्य. पण नजर तीक्ष्ण, सायकल बोळातूनही निघते. चेहऱ्यांऐवजी लोकांचे हात बघायचे, सुटकेच्या दोन वाटा आधीच हेरून ठेवायच्या, हे त्याला जमेल. शाळकरी पोराकडे कुणी बघतही नाही.

धमकी आलीय, बंगल्यात रात्र काढायचीय, तर विक. तुळशीबाग, मंडई, मिरवणूक असेल तर बन्याच; फक्त पाहुण्याला कॅरियरवर बसता आलं पाहिजे.