एस्टीमच्या नाकावरचा ऑईल कूलर

माझ्या २००४ च्या मारुती एस्टीमला ग्रीलमागे तेरा रांगांचा ऑईल कूलर, म्हणजे इंजिनाचं तेल थंड करणारा छोटा रेडिएटर, होता. मी लावलेला नव्हे, गाडीबरोबर आलेला. आधीचे मालक हौशी. रविवारी मैदानात प्लॅस्टिकचे कोन मांडून त्यांच्यातून गाडी पळवणारे, म्हणजे ऑटोक्रॉस करणारे. गाडी दाखवताना बोनेट उघडून त्यांनी आधी कूलर दाखवला, मग इंजिन. डॅशबोर्डखाली तेलाच्या तापमानाचा काटा, आणि डिकीत दोनशेपानी वही. तीत गाडीचं एकूण एक काम तारखेनिशी लिहिलेलं. ती वही बघूनच मी फारशी घासाघीस केली नाही.

मी बँकेत नोकरी करते. गाडी कोल्हापुरातच सकाळी कळंब्याहून लक्ष्मीपुरीला जाते, संध्याकाळी परत येते. महिन्यातून एकदा आजऱ्यावरून आंबोली घाट उतरून सावंतवाडीला माहेरी. कोन बिन काही नाही. १२९८ सीसीच्या या इंजिनाला कंपनीनं ऑईल कूलर दिलेला नाही, मग मैदानासाठी बसवलेला हा मी सांभाळायचा की काढायचा, हे ठरवायला मला आठ महिने लागले.

वस्तू म्हणून त्याला नावं ठेवायला जागा नव्हती. पंख्या सरळ, होजवर स्टीलची जाळी, ब्रॅकेट रबरावर बसवलेले. फिल्टर आणि इंजिन यांच्यामध्ये एक सँडविच प्लेट. तिच्यातून तेल बाहेर पडून कूलरमध्ये जातं, फिरून परत येतं, मग फिल्टरमधून इंजिनात. म्हणजे चार जोड जास्तीचे आणि तेल अर्धा लिटर जास्तीचं. चारपैकी एक जोड पाझरायचा. उद्यमनगरात होजचं तोंड नव्यानं क्रिम्प करून घेतलं, ओ-रिंग बदलली, थांबलं. तिथवर माझी काही तक्रार नव्हती.

डिसेंबरात काटा बघायची सवय लागली आणि तक्रार सुरू झाली. पाण्याचा काटा दहा मिनिटांत मध्यावर, आणि तेलाचा? बँकेत पोचेस्तोवर ५५ अंश. कागलपर्यंत हायवेला ताणून गेले तरी ७२. तेलाच्या डब्यावर ४० किंवा ३० हा जो दुसरा आकडा असतो, तो १०० अंशांना मोजलेल्या दाटपणाचा. ७० ला तेच तेल बरंच दाट असतं. त्यात रोजच्या छोट्या फेऱ्यांत इंजिनात साठणारी वाफ उडून जायची तर तेल नीट तापावं लागतं. जानेवारीत ऑईलचं झाकण उघडलं तर आतून ताकाच्या फेसासारखा पिवळट साका.

मी घाबरले. हेड गॅस्केट गेलं, रेडिएटरचं पाणी तेलात मिसळतंय असंच वाटलं. माझे मिस्त्री, त्यांना सगळी गल्ली मामाच म्हणते, त्यांनी रेडिएटरचं झाकण उघडलं, पाणी स्वच्छ आणि जिथल्या तिथं. म्हणाले, "गॅस्केटला काय झालं न्हाई, ताई. तुमची गाडी तापतच न्हाई, तर ते पाणी जाणार कुठं? काढून टाकू की हे लोढणं."

मी लगेच काढलं नाही. वस्तू महागाची, आणि त्या वहीबद्दल मनात आदर. वहीत कूलर लावण्याआधीच्या एका रविवारचा आकडा होता: १३४. त्या माणसाची गरज खरीच होती. मग साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून कूलरपुढे बांधला. कागलच्याच रस्त्याला काटा ८६ वर गेला. फुकटात झालेला हा माझा सगळ्यात चांगला प्रयोग. (लेसरची तापमान-बंदूकही आणली होती. तिच्याबद्दल एवढंच, की ती चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर धरली तर आकडा भलताच कमी दाखवते. काळी इन्सुलेशन टेप चिकटवून तिच्यावर धरावी.)

या कूलरची खरी खोट म्हणजे त्याच्या प्लेटमध्ये थर्मोस्टॅट नव्हता. थर्मोस्टॅटवाली प्लेट मिळते. तेल ८० च्या आसपास जाईपर्यंत ती कूलरची वाट जवळजवळ बंद ठेवते. पुण्याच्या एका दुकानदारानं फोनवर साडेआठ हजार सांगितले आणि महिनाभर थांबा म्हणाला. मी थांबायला तयार होते.

मे महिन्यात माहेराहून परत येताना आकडे टिपले. चार माणसं, डिकीत आंब्याच्या चार पेट्या आणि एक फणस, एसी चालू. दाणोली सोडल्यापासून आंबोलीपर्यंत, म्हणजे घाटाच्या चढाला, कूलरसकट जास्तीत जास्त ९४. आता कूलरशिवाय बघायचं होतं. मामांनी कूलर सोडवला आणि प्लेटच्या दोन तोंडांना आखूड होज लावून तेल तिथल्या तिथं फिरवलं.

कूलर रिकामा करताना तेल पांढऱ्या घमेल्यात धरलं होतं. तळाशी चमचम. मामांनी चुंबक फिरवलं, थोडी काळी भुकटी चिकटली. तेवढी जुन्या इंजिनात निघायचीच. पण चमचम तशीच राहिली, चुंबकाला दाद न देणारी, पितळेसारखी पिवळसर. मामांनी बोटावर घेऊन उन्हात धरली आणि म्हणाले, "बेअरिंग हाय हे."

घरी येऊन वही उघडली. २०१६, फेब्रुवारी: बेअरिंग वाजलं, क्रँक घासून घेतला, नवी बेअरिंगं. खाली सगळ्या सामानाची यादी. तीत कूलर नाही. इंजिन उघडून धुतलं, चेंबर, म्हणजे खालची तेलाची टाकी, धुतलं, आणि जुन्या बेअरिंगचा चुरा कूलरच्या तेरा रांगांत तसाच ठेवून पुन्हा जोडला. इतका काटेकोर माणूस, पण हे राहिलं. त्यात एक उपरोध असा की माझ्या प्लेटमध्ये कूलरनंतर फिल्टर येतो, त्यामुळे निघालेला चुरा फिल्टर पकडत असणार. पण तेल थंड आणि दाट असलं की फिल्टरची बायपास झडप उघडते आणि न गाळलेलं तेल पुढे जातं. तेल थंड ठेवण्याचं काम कोण करत होतं, ते वर आलंच आहे. कूलर डिझेलनं धुता येतो, पण त्या बारीक वाटांच्या कोपऱ्यांतला सगळा चुरा निघाला याची खात्री कोण देणार? मामांनी तर दिलीच नाही.

तरी आंबोलीचा दुसरा आकडा घेतलाच. पंधरा दिवसांनी, तशीच माणसं, तसंच ऊन, आंब्यांऐवजी काजू: ११३. घाट संपून आजऱ्याच्या सपाटीला लागल्यावर १००. चांगल्या तेलाला एवढ्यानं काही होत नाही. एक गोष्ट मी अपेक्षिली नव्हती: दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला एसी आधीपेक्षा गार. कूलर एसीच्या कंडेन्सरपुढे छातीला छाती लावून बसला होता, तो हटला.

प्लेटही काढली, त्याचं कारण वेगळं. इंजिनाचे मूळ आटे २० मिलिमीटरचे, पण प्लेटची फिल्टरकडची बाजू पाऊण इंची, म्हणजे १९.०५. बघून फरक कळत नाही. पाऊण इंचीवर मूळ मापाचा फिल्टर ढिला बसतो आणि तेलाच्या दाबानं सुटू शकतो. वहीत लाल शाईनं लिहिलं होतं, मारुतीचा फिल्टर लावू नये. पण वही डिकीत असते आणि घाईतला पोऱ्या ती वाचत नाही. माझ्या गाडीला एका गॅरेजात तो फिल्टर लावून झाला होता. हातात हलतोय म्हणून मीच थांबवलं.

काटा मात्र मला सोडवेना. त्याचा सेन्सर प्लेटमध्येच होता. उद्यमनगरात लेथवर चेंबरचा नवा ड्रेन नट बनवून घेतला, मधोमध भोक, त्यात सेन्सर. पावणेचारशे रुपये. तो थोडा खाली लोंबतो, स्पीडब्रेकरला जीव वर येतो, एवढं एक.

मैदानात गाडी पळवणाऱ्याला नवा कूलर थर्मोस्टॅटवाल्या प्लेटसकट मी डोळे झाकून सुचवीन, पाचपैकी साडेचार. वापरलेला, आधीच्या इंजिनाचा इतिहास माहीत नसलेला, फुकट मिळाला तरी घेऊ नये.

माझा कुणाला द्यायचा प्रश्नच नव्हता. पुन्हा कुणी गाडीला लावू नये म्हणून मामांनी हॅक्सॉनं त्याची दोन्ही तोंडं कापली. भंगारवाल्यानं ताजव्यात टाकला: ७४० ग्रॅम. उलटसुलट करून विचारलं, "एसीचं हाय का?"

म्हटलं, हो.