नवा कार हॉलर ट्रेलर : सल्ला चोख, ताबा ढिसाळ

मोटारी वाहून नेण्यासाठी दोन अ‍ॅक्सलचा, १८ फूट लांबीचा, उघडा कार हॉलर ट्रेलर मी एका विक्रेत्याकडून नवा घेतला. तो आता पुरेसा वापरून झाला असल्याने ट्रेलर आणि विक्रेता या दोहोंविषयी सविस्तर लिहीत आहे. ट्रेलरबद्दल माझी फारशी तक्रार नाही. विक्रेता मात्र सल्ला देताना जितका चोख, तितकाच माल ताब्यात देताना ढिसाळ निघाला. नव्या ट्रेलरच्या बाबतीत हा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे, कारण कारखान्यातून आलेला ट्रेलर रस्त्यावर नेण्याजोगा आहे की नाही हे पाहण्याची शेवटची जबाबदारी विक्रेत्याचीच असते.

आधी चोख भागाविषयी. दुकानात गेल्यावर विक्रेत्याने रंग किंवा लांबी न विचारता कोणती मोटार न्यायची आहे, तिचे वजन किती आणि ट्रेलर ओढणाऱ्या गाडीची क्षमता किती, हे विचारले. ट्रेलरच्या पाटीवर जो मोठा आकडा ठळकपणे छापलेला असतो, तो ट्रेलरच्या स्वतःच्या वजनासकट धरलेला एकूण भार असतो. तेवढ्या वजनाची मोटार वर चढवता येते, असा गैरसमज त्यामुळे सहज होतो. मी घेतलेल्या ट्रेलरला प्रत्येकी ३,५०० पौंड, म्हणजे सुमारे १,५८८ किलो क्षमतेचे दोन अ‍ॅक्सल आहेत आणि एकूण भाराची मर्यादा ७,००० पौंड, म्हणजे ३,१७५ किलो आहे. लाकडी फळ्यांचा हा ट्रेलर रिकामा साधारण ९०० किलो भरतो. जादा चाक, मोटार ओढून वर चढवणारी विंच, पट्टे आणि हत्यारांची पेटी धरली की आणखी शंभरेक किलो त्यातच जातात. उरलेल्या २,१०० ते २,२०० किलोंत मध्यम आकाराची सेडान आरामात बसते. मोठ्या बॅटरीची विजेवर चालणारी एसयूव्ही मात्र अडीच टनांच्या घरात जाऊ शकते आणि तिला या ट्रेलरवर जागा नाही. हा सगळा हिशेब विक्रेत्याने कागदावर मांडून दाखवला.

शेजारीच ५,२०० पौंडांच्या दोन अ‍ॅक्सलचा, १०,००० पौंड (४,५३६ किलो) मर्यादेचा थोरला ट्रेलर उभा होता. तो गळ्यात मारण्याचा मोह कोणालाही झाला असता, कारण मोठा घेतला की पुढची चिंता मिटली, हा युक्तिवाद गिऱ्हाइकाला चटकन पटतो. इथे उलट सांगण्यात आले. थोरल्या ट्रेलरचे पाटे, म्हणजे अ‍ॅक्सलवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, अधिक कडक असतात, त्यामुळे हलकी मोटार लादली की तो दणके देत चालतो. शिवाय त्याचे स्वतःचे वजन जास्त असल्याने ओढणाऱ्या गाडीच्या क्षमतेतला तेवढा वाटा आधीच खर्ची पडतो. जड एसयूव्ही नेहमी न्यायच्या असतील तर तोच घ्यावा, एरवी नको, असे स्पष्ट शब्दांत सांगणारा विक्रेता मला विश्वासार्ह वाटला.

दुसरी चांगली गोष्ट दांडीवरच्या भाराची. ट्रेलरच्या पुढच्या दांडीवर येणारा भार भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. म्हणजे मोटारीसह ट्रेलर २,५०० किलोंचा झाला, तर दांडीवर २५० ते ३७५ किलो आले पाहिजेत. गाडी उलाळ झाली की जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते, तसेच मोटार फार मागे उभी केली की दांडी हलकी होते आणि वेग वाढताच ट्रेलर मागच्या मागे झोके खाऊ लागतो. मोटार फार पुढे घेतली, तर ओढणाऱ्या गाडीची मागची बाजू दबते, तिच्या पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि स्टिअरिंग हलके पडते. इंजिन पुढे असलेल्या आणि मागे असलेल्या मोटारींसाठी उभे करण्याची जागा त्यामुळे वेगवेगळी येते. विक्रेत्याकडे दांडीखाली ठेवायचा काटा होता. माझी मोटार प्रत्यक्ष चढवून, ती थोडी पुढे-मागे घेऊन, भार योग्य आला त्या जागी पुढच्या चाकांना अडवणारा लोखंडी ठोकळा त्यांनी बोल्टने कसून दिला. ही सेवा न मागता मिळाली आणि या खरेदीत मला सर्वाधिक आवडलेली गोष्ट हीच आहे.

ट्रेलरच्या बांधणीविषयी थोडक्यात सांगतो. चासी सी-चॅनेलची, म्हणजे इंग्रजी ‘सी’च्या आकाराच्या पोलादी पट्ट्यांची आहे आणि फळ्यांखालच्या दोन आडव्या पट्ट्यांमधले अंतर १६ इंच आहे. हेच अंतर २४ इंच ठेवले की ट्रेलर स्वस्त पडतो, पण चाकाखालची फळी दोन पट्ट्यांच्या मध्ये जास्त वाकते. बांधणीसाठीच्या कड्या चासीलाच वेल्ड केलेल्या आहेत. नुसत्या फळ्यांना बोल्ट केलेल्या कड्यांवर मोटार बांधणे मला मान्य नाही, म्हणून ट्रेलर घेण्यापूर्वी खाली वाकून हे पाहून घेतले. फळ्या रसायन मुरवलेल्या पाइनच्या आहेत. त्या ओलसर असतानाच ठोकलेल्या असल्याने पुढे सुकून त्यांच्यात फटी पडल्या, पण हे अपेक्षित होते आणि त्यात दोष नाही. चालकाच्या बाजूचा मडगार्ड काढता येतो. दोन मडगार्डांमधली रुंदी सुमारे ८२ इंच असते. मोटार त्यात बसते, परंतु ठेंगण्या मोटारीचा दरवाजा मडगार्डावर आपटतो आणि चालकाला खिडकीतून बाहेर पडण्याची कसरत करावी लागते, त्यामुळे ही सोय चैनीची म्हणता येणार नाही.

आता ताब्याच्या दिवसाविषयी. कार्यालयातील भिंतीवर तपासणीचा छापील तक्ता लावलेला होता आणि माझ्या ट्रेलरच्या नावापुढे सर्व रकान्यांत खुणा करून खाली सही केलेली होती. दिवे, ब्रेक, चाकांचे नट, हवा, बेअरिंगमधले ग्रीस, असे सगळे त्यात होते. ट्रेलर नवा आहे, तक्ताही भरलेला आहे, तेव्हा जोडून निघायला हरकत नाही, असा तिथला सूर होता. मी तरीही तपासणी माझ्यासमोर पुन्हा करायला लावली. त्यावर कपाळाला आठ्या पडल्या, पण नकार मिळाला नाही, हे नमूद करायला हवे.

पहिल्यांदा टायर पाहिले. टायर एसटी (खास ट्रेलरसाठीचे) २०५/७५ आर १५ मापाचे, सी भारश्रेणीचे आहेत आणि त्यांची पूर्ण क्षमता ५० पीएसआय हवेवरच मिळते. प्रत्यक्षात प्रत्येक टायरमध्ये हवा त्याहून बरीच कमी होती. मोटारीच्या टायरमध्ये ३०-३५ भरण्याची हाताला सवय असते, तीच इथे नडली असावी. ट्रेलरचा टायर कमी हवेवर चालला की त्याच्या बाजूच्या भिंती सतत दुमडून तापतात आणि भरल्या भाराने तो फुटतो. नंतर नट पाहिले. अर्ध्या इंचाच्या बोल्टांवरचे नट ९० ते १२० फूट-पौंड टॉर्कपर्यंत, तेही आडव्या-तिडव्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने कसायचे असतात. टॉर्क पाना लावताच काही नट आणखी फिरले, म्हणजे तक्त्यातल्या त्या रकान्यातली खूण पाना न लावताच केलेली होती.

खरी गोम ब्रेकमध्ये निघाली. या ट्रेलरच्या चारही चाकांना विजेचे ड्रम ब्रेक आहेत. ओढणाऱ्या गाडीतल्या नियंत्रकाकडून वीज आली की ड्रममधले विद्युत्चुंबक ओढले जातात आणि त्यांच्यामुळे ब्रेक लागतो. या आकाराच्या ब्रेकचा प्रत्येक चुंबक १२ व्होल्टवर साधारण ३ अँपियर खातो, म्हणजे चार चाकांना मिळून १२च्या आसपास अँपियर यायला हवेत. तारेत अँमीटर लावला तेव्हा नऊच दिसले. तीन चाके ब्रेक लावत होती आणि चौथे नुसते फिरत होते. रिकाम्या ट्रेलरने दुकानाच्या आवारात फेरी मारून हे कोणाच्याही लक्षात आले नसते. मेकॅनिकने चाक उचलून पाहिले, तेव्हा ड्रममागचा तारेचा जोड सैल निघाला. त्याने तो एकच जोड दुरुस्त न करता चारही चाकांचे जोड नव्याने करून, वर तापवून आवळणारी नळी चढवून दिली. हे काम त्याने निगुतीने केले. मग ओढणाऱ्या गाडीकडून वीज आणणारा प्लग काढून आपत्कालीन ब्रेकची पिन ओढली. ट्रेलर धावता धावता सुटला तर ही पिन निघते आणि ट्रेलरवरची छोटी बॅटरी ब्रेक लावून धरते. अमेरिकी नियमांप्रमाणे हे ब्रेक किमान १५ मिनिटे लागलेले राहिले पाहिजेत. आमच्या बॅटरीने एवढा वेळ तग धरला नाही. ती कधी चार्जच केलेली नव्हती. ती बदलून मिळाली.

विक्रेत्याने प्रत्येक दोष विनावाद आणि विनामोबदला दूर केला, म्हणून मी त्याला लबाड म्हणणार नाही. पण न तपासलेल्या गोष्टीपुढे खूण करून सही करण्याची तिथे पडलेली सवय धोक्याची आहे, आणि हे मी मालकाला तोंडावर सांगितले आहे. ज्या गिऱ्हाइकाने त्या तक्त्यावर भिस्त ठेवली असती, तो तीन ब्रेक, ढिले नट आणि मऊ टायर घेऊन पहिल्याच घाटात उतरला असता.

रस्त्यावर हा ट्रेलर भरलेला असताना सरळ आणि शांत चालतो. रिकामा असताना पाट्यांचा खडखडाट होतो आणि खड्ड्यांत तो उसळतो. पाट्यांऐवजी रबराच्या पिळावर हादरे झेलणाऱ्या टॉर्शन अ‍ॅक्सलवर हे कमी जाणवते, पण पाटे कुठेही दुरुस्त होतात, म्हणून मी पाट्यांचाच ट्रेलर पसंत केला. मागचा दोन फुटांचा उतरता भाग आणि पाच फुटी रॅम्प यांमुळे नेहमीची मोटार खाली न घासता चढते. मात्र मोटारीचे वजन त्या शेपटावर येताच दांडी वर उचलली जाते आणि तिच्यासोबत ओढणाऱ्या गाडीची मागची चाकेही हलकी होतात. हँडब्रेक त्याच चाकांवर असतो, त्यामुळे सारी जोडगाडी घरंगळू शकते. शेपटाखाली टेकू देणारे पाय या ट्रेलरसोबत आले नव्हते आणि विक्रेत्यानेही त्यांचा उल्लेख केला नव्हता. ते मी वेगळे बसवून घेतले. माझ्या मते हे पाय मूळ सामानातच असायला हवेत.

मोटार बांधताना मी रॅचेट पट्टे मोटारीच्या चासीऐवजी तिच्या चाकांवरून घेतो. चासीला बांधलेली मोटार रस्त्याच्या हादऱ्यांनी खाली दबते आणि त्या क्षणी पट्टे सैल पडतात. चाके बांधली की वरची बॉडी आपल्या स्प्रिंगांवर मोकळी हलत राहते. या ट्रेलरवर चार कड्या आहेत. चाकांवरून बांधण्यासाठी मागच्या दोन आणखी आतल्या बाजूला हव्या होत्या.

पहिल्या प्रवासानंतरची सेवा चांगली मिळाली. चाकांचे नट १०, २५ आणि ५० मैलांवर, म्हणजे साधारण १६, ४० आणि ८० किलोमीटरवर पुन्हा कसावेत, असे डेक्स्टर या अ‍ॅक्सल बनवणाऱ्या कंपनीची पुस्तिका सांगते, आणि ब्रेकचे पहिले समायोजन २०० मैलांनी करायचे असते. या समायोजनासाठी ट्रेलर परत नेला, तेव्हा मेकॅनिकने माझ्यासमोर टॉर्क पाना लावला आणि आकडे लिहून दिले. हमीच्या कागदांत चासीची मुदत मोठी आहे, अ‍ॅक्सलची हमी त्याच्या निर्मात्याकडे आहे, आणि टायर व बॅटरी दोन्हींतून वगळलेल्या आहेत. नोंदणीचे कागद बिनचूक होते. चासी क्रमांक दांडीवरच्या पाटीशी अक्षरशः जुळवून पाहिला.

एक बाब अजून बाकी आहे. जादा चाक पावतीत धरलेले आहे, त्याचे स्टँड दांडीवर बसवलेले आहे, पण चाक आलेले नाही आणि विचारले की पुढच्या आठवड्याचा वायदा मिळतो. या मापाचा एसटी टायर वाटेतल्या कोणत्याही दुकानात मिळेलच अशी खात्री नसते, त्यामुळे चाक हाती येईपर्यंत हा ट्रेलर मी जवळच्या कामांनाच वापरत आहे.