फिशर, इसबगोल, टब आणि डिल्टियाझेमचं मलम : काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

मला फिशर झालं होतं, म्हणजे संडासच्या जागेला चीर पडली होती. ज्यांना सगळं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी आधी निकाल. इसबगोल पैकीच्या पैकी, कोमट पाण्याचा टब तितकाच चांगला पण महागातला घ्यायची गरज नाही, डिल्टियाझेमचं मलम काम करतं पण धीर लागतो, आणि ती मधे भोक असलेली गोल उशी म्हणजे पैसे पाण्यात. आता सविस्तर लिहिते, कारण बायका या विषयावर लिहीतच नाहीत, डिलिव्हरीनंतर कितीजणींना हे होतं तरी.

पहिली गोष्ट, मला झालं ते फिशर, मूळव्याध नाही. आपल्याकडे त्या भागात काहीही झालं की मूळव्याधच म्हणतात, मेडिकलवाला पण मूळव्याधीची ट्यूब काढून देतो (त्यातल्या कित्येक ट्यूबमधे स्टिरॉइड असतं, ते मनानेच महिनोन्महिने लावायची गोष्ट नाही). मला डॉक्टरांनी सांगितलेला ढोबळ फरक असा की आतल्या मूळव्याधीत रक्त जातं पण बहुतेकदा दुखत नाही, फिशरमधे रक्त थोडंच, लालभडक, पण संडासला बसलं की काच चिरत गेल्यासारखं वाटतं आणि उठल्यावरही तास-दोन तास ठणका राहतो. भगंदर हे तिसरंच, त्यात पू येतो. तपासायला कोणीतरी लागतंच, आरशात बघून कळत नाही.

तपासणीची भीती वाटते म्हणून लोक टाळतात, मीपण लेडी सर्जन मिळेपर्यंत थांबले. पण कुशीवर झोपवून नुसतं हलक्या हाताने बाजूला करून बघितलं की चीर दिसते, दुखत असताना बोट घालून तपासायची गरज बहुतेक वेळा नसते, माझ्या डॉक्टरांनी तर घातलंच नाही. दोन मिनिटांचं काम. त्यांनी कागदावर गोल काढून दाखवलं की तिथे आतल्या बाजूला एक स्नायू असतो जो आपल्या ताब्यात नसतो, आपोआप आवळलेला असतो. चीर पडली की दुखतं, दुखलं की तो अजून आवळतो, आवळला की रक्तपुरवठा कमी, रक्त कमी म्हणून जखम भरत नाही, आणि वर आपण दुखेल या भीतीने संडास दाबून धरतो मग ती अजून कडक होते आणि दुसऱ्या दिवशी तीच चीर परत फाटते. बहुतेकांना ती पाठीच्या बाजूला मधोमध असते कारण तिथे रक्तपुरवठा मुळातच कमी. हे डोक्यात बसलं ना की सगळी ट्रीटमेंट कळते, म्हणजे एकीकडे संडास मऊ ठेवायची आणि दुसरीकडे तो स्नायू सैल करायचा, बाकी सगळं वरवरचं.

इसबगोल. साधं सत इसबगोल, कोणत्याही कंपनीचं, फ्लेवरचं घ्यायची गरज नाही. रात्री जेवणानंतर दोन चमचे मोठ्या ग्लासभर पाण्यात, ढवळलं की लगेच गटागटा प्यायचं, कारण दोन मिनिटं फोन घ्यायला गेलात की ग्लासात खळीसारखा गोळा होऊन बसतो, चमचा उभा राहतो त्यात. आणि वरून अजून एक ग्लास पाणी. हे वरचं पाणीच लोक विसरतात मग म्हणतात इसबगोलने उलट जास्तच कडक झालं, तर होणारच, ते पाणी शोषून फुगतं. पहिला आठवडा गॅस झाला, पोट टम्म, नंतर बसलं. सकाळी थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी तिच्याजवळ इसबगोल घेऊ नका, गोळी नीट शोषली जात नाही, म्हणून तर मी रात्रीची वेळ ठेवली. सासूबाईंचं म्हणणं गरम दुधात तूप घालून घे, घेतलं तेपण, चवीला छान लागतं, पण तुपाने चोथ्याचं काम होत नाही. संडास मऊ करणारं लॅक्ट्युलोजचं सिरप सुरुवातीला दिलं होतं, लागू पडतं पण अतिगोड आणि गॅस त्याहून जास्त, सुटलं ते बरं.

पाण्याचं जरा जास्त लिहिते कारण माझं मूळ तिथेच होतं. बँकेत काउंटरला बसते, ब्रँचमधलं टॉयलेट असं की जायला नको वाटतं, म्हणून आम्ही दोघीतिघी संध्याकाळपर्यंत पाणीच पीत नव्हतो. एसटीने अपडाउन करणाऱ्या बायकांचं पण हेच. डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला, दिवसभरात लघवीला किती वेळा जाता. आता बाटली टेबलावर असते आणि टॉयलेटसाठी मॅनेजरसाहेबांच्या मागे लागून निदान कडी आणि नळ तरी दुरुस्त करून घेतला. मैत्रिणींनो हे औषधाइतकंच महत्त्वाचं आहे, खरंच.

टब. कमोडवर बसणारा प्लास्टिकचा सिट्झ बाथ टब ऑनलाइन मागवला. कमोडवर नीट बसतो, पण भारतीय पद्धतीचं संडास असेल तर त्याचा काही उपयोग नाही, माहेरी गेले तेव्हा रुंद घमेलं घेऊन बाथरूममधेच बसले, तितकाच आराम. पाणी कोमट, बाळाच्या अंघोळीला कोपर घालून बघतो तसं बघायचं, कढत नको. १० ते १५ मिनिटं, संडास झाल्यावर लगेच, आणि जमलं तर झोपताना. स्नायू सैल होतो तो अक्षरशः जाणवतो, पाचेक मिनिटांनी ठणका उतरायला लागतो. शेजारच्या काकूंनी पोटॅश (पोटॅशियम परमँगनेट) टाक सांगितलं, टाकलं, टब कायमचा तपकिरी झाला, डॉक्टर म्हणाल्या साधं पाणी पुरे. नंतर मऊ सुती कापडाने टिपायचं, घासायचं नाही. आणि ते जेटचं प्रेशर कमी करा बाबांनो, ताज्या चिरेवर तो फवारा म्हणजे शिक्षा.

मलम. डिल्टियाझेम २%, हेच औषध बीपी आणि हृदयासाठी गोळीत असतं, इथे मलमातून तो स्नायू सैल करतं. वाटाण्याएवढं बोटावर घेऊन दिवसातून दोनदा कडेला आणि किंचित आत, हात आधी नंतर स्वच्छ धुवून. पहिल्या आठवड्यात मला काहीच फरक वाटला नाही, त्यानंतर ठणक्याचा वेळ कमी कमी होत गेला. थोडी खाज यायची, सहन होण्याइतकी, पण पुरळ आलं तर बंद करून विचारा. ज्यांना बीपीच्या गोळ्या चालू आहेत, किंवा गरोदर आहेत, अंगावर पाजतायत, त्यांनी मनाने आणू नका. दुसरं एक नायट्रोग्लिसरीनचं मलम असतं, त्याने डोकं भयंकर दुखतं, माझ्या नणंदेने त्याच कारणाने सोडलं होतं. महत्त्वाचं म्हणजे कोर्स ६ ते ८ आठवड्यांचा असतो, दुखणं त्याच्या खूप आधी थांबतं आणि तिथेच लोक सोडतात, वरून कातडी जुळलेली असते पण आतून कच्ची.

ऑपरेशनबद्दल पण विचारून ठेवलं होतं. ६-८ आठवड्यांपेक्षा जुनं झालं, बाहेर कातडीचा कोंब आला, मलमाने भरत नसेल तर त्या आतल्या स्नायूचा थोडासा भाग कापतात, बहुतेकांना त्याने कायमचा आराम पडतो. पण काहींना नंतर गॅस रोखणं जमत नाही, आणि नॉर्मल डिलिव्हरी झालेल्या बायकांचा तो भाग आधीच ताणलेला असू शकतो म्हणून आमच्यासारख्यांना जरा विचार करून सांगतात. मधे बोटॉक्सच्या इंजेक्शनचापण पर्याय असतो. माझ्यावर ती वेळ आली नाही. स्टँडबाहेर बोर्ड असतात ना, एका इंजेक्शनमधे मूळव्याध फिशर भगंदर मुळासकट, तिथे आमच्या ओळखीतले एकजण जाऊन आले, काय टोचलं त्याची चिठ्ठीसुद्धा दिली नाही, नंतर पू झाला तो निराळाच.

खाण्याचं फार अवघड नाही. भाकरी, पालेभाजी, उसळी, सालासकट फळ. ठेचा आणि तर्री त्या काळात बंद केली कारण आग व्हायची, आता खाते, आठवड्यातून एखाद्या वेळी. कमोड असेल तर पायाखाली छोटा पाट घ्या, गुडघे वर आले की जोर लावावा लागत नाही. फोन आत नेऊ नका.

उशीबद्दल विसरलेच. मधला भाग लोंबकळत राहतो आणि उलट ताण येतो, साधी मऊ गादी बरी. आमची आता मांजर वापरते.

काहीजण विचारतील कधी थांबायचं नाही. रक्त संडासमधे मिसळून जात असेल, काळं होत असेल, वजन उतरत असेल, ताप असेल, चीर मधोमध नसून बाजूला असेल, किंवा चाळिशी-पंचेचाळिशी उलटल्यावर पहिल्यांदाच रक्त दिसलं असेल तर टब-बिब मागवत बसू नका, आधी सर्जनकडे जा, कारण तेव्हा आतून दुर्बिणीने बघावं लागू शकतं, क्रोहन (आतड्याच्या सुजेचा आजार), टीबी, गाठ असलं काही नाही ना ते. माझं मलम कधीच बंद झालं, इसबगोल रात्रीचं एक चमचा चालू आहे, लग्नाला गावी जाताना पर्समधे छोटी डबी असते.