उमराहची टूर : जेवण नाद खुळा, हॉटेल लय लांब

अम्मीला घेऊन उमराहला (हजशिवायची मक्केची यात्रा) जाऊन आलो, कोल्हापुरातल्याच एका टूरवाल्याकडून, नाव देत नाही कारण माणसं ओळखीतली आहेत आणि तक्रार तर करायचीच आहे. हॉटेल हरमपासून (काबा आहे त्या मशिदीपासून) पाचशे मीटर म्हणून सांगितलेलं, निघालं दीड किलोमीटर आणि तेपण चढाचं, अम्मीच्या गुडघ्यांचं काय झालं विचारू नका. शटल बस होती पण नमाज सुटली की तिच्यात शिरणं म्हणजे दसऱ्याच्या गर्दीत महाद्वार रोडवर गाडी घालण्यातला प्रकार.

जेवणाला मात्र तोड नाही. आचारी आपल्याच भागातला, एका रात्री त्यानं तांबडा रस्सा केला तर वरच्या मजल्यावरचे हैदराबादवाले भांडं घेऊन खाली आले.

पत्रकावर छापलेलं ‘एक उम्मत, एक सफर’, उम्मत म्हणजे जगभरचे सगळे मुसलमान. आमचे मौलाना पण बसमध्ये तेच, की आपली कौम, म्हणजे समाज म्हणा की राष्ट्र, एकच, सरहद्दी नंतर आल्या. तवाफ करताना ते पटतं बरं का, काब्याभोवतीच्या सात फेऱ्यांत पुढं नायजेरियाचा माणूस, बाजूला एकसारख्या कपड्यातल्या इंडोनेशियाच्या बायका, आणि एका तुर्की म्हातारीनं अम्मीचा हात जो धरला तो शेवटच्या फेरीपर्यंत सोडला नाही, दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं. पण बाहेर आलं की ज्याच्या त्याच्या गळ्यात आपापल्या देशाचा झेंडा असलेलं कार्ड, आणि झाडू मारणारा बांगलादेशी पोरगा इकामा (सौदीत राहायचा परवाना) रिन्यू होईल का या काळजीत. इकडं आपली माणसं तुर्कस्तानची खिलाफत टिकावी म्हणून जेलात गेली आणि 1924 ला ती मोडली कुणी तर तुर्कांनीच. 1971 ला बांगलादेश पाकिस्तानातनं फुटला तेव्हा पण दोन्हीकडं कलमा एकच होता ना.

माझे आजोबा दसरा चौकातल्या मुस्लिम बोर्डिंगात शिकले, 1906 साली शाहू महाराजांच्या पुढाकारानं निघालेलं, त्यामुळं कौम म्हटलं की मला आधी तो चौक दिसतो. मदिन्यात मौलानांना तसं म्हटलं, आणि देवबंदच्या मदरशाचे मोठे आलिम हुसेन अहमद मदनी पण काढले, हा माणूस कित्येक वर्षं इथल्याच मस्जिदे नबवीत (पैगंबरांच्या मशिदीत) शिकवायचा आणि 1938 ला तोच म्हणाला की आजकाल कौमा वतनावरनं, म्हणजे देशावरनं, बनतात, त्यावर कवी इक्बाल केवढे भडकले होते. मौलाना हसले, म्हणाले अरे बाबा, कौम (एका देशाची) वेगळी आणि मिल्लत (एका धर्माची) वेगळी, मदनीसाहेबांचं म्हणणं तेच होतं. दुसऱ्या दिवसापासून बसमध्ये त्यांनी ‘कौम’ म्हणायचं सोडून ‘उम्मत’ म्हणायला सुरुवात केली, हे मला लय आवडलं. असा माणूस सोबत देतात म्हणून टूरवाल्याला अर्धा स्टार जास्तच.

रियाझुल जन्नाचं (मस्जिदे नबवीतली खास पवित्र जागा) सौदीच्या नुसुक ॲपवरचं परमिट पोरांनी वेळेत काढून दिलं, त्यात खोट नाही.

पाचपैकी साडेतीन. अम्मी म्हणते पाच दे, ती परत जायच्या गोष्टी करतेय. जाणार असाल तर हॉटेलचं अंतर लेखी घ्या आणि व्हीलचेअरचं इथनंच ठरवून जा.