एडवर्ड लिअरचा सचित्र संग्रह : पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

मागच्या आठवड्यात पानांचा अख्खा गठ्ठा हातात आला. शिवण नव्हतीच, नुसता गोंद. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर परतीची मुदत संपली एवढंच उत्तर. पैसे नकोत, दुसरी प्रत द्या म्हटलं, तेही नाही. अडीच हजारांच्या पुस्तकाने एक पावसाळाही काढू नये, हे मला पटत नाही. एक तारा तिथेच गेला.

पण माझी खरी तक्रार बांधणीची नाही, चित्रांच्या आकाराची आहे. लिअर हा एकोणिसाव्या शतकातला इंग्रज चित्रकार आणि कवी. तो जागेवर पेन्सिलीने भराभर रेखाटायचा आणि चित्रावरच ठिकाण, तारीख, कधी घटकेची वेळ, कुठे कोणता रंग हे लिहून ठेवायचा. मग सवडीने रेघांवर शाई फिरवून वर पातळ रंग द्यायचा. त्या नोंदींतही त्याचा खोडकरपणा सुटत नाही. खडकांसाठीचा साधा इंग्रजी शब्द तो मुद्दाम शेवटी एक्स लावून लिहितो. गमतीची गाणी लिहिणारा आणि निसर्गचित्रं काढणारा हे एकच माणूस आहेत, ते कळतं या अक्षरांतून. आणि या पुस्तकात तीच वाचता येत नाहीत! बहुतेक रेखाटनं पोस्टकार्डाएवढी छापलीत, काहींच्या कडा कापल्यात. भिंग लावलं की छपाईचे ठिपके दिसतात, अक्षर नाही. शेजारी अर्धं पान पांढरं सोडलंय, म्हणजे जागा नव्हती असंही नाही.

पोपट मात्र सुरेख आलेत. 1830 साली, जेमतेम अठराव्या वर्षी, त्याने हे काम हाती घेतलं. पेटाऱ्यातले भुसा भरलेले पक्षी न घेता लंडनच्या प्राणिसंग्रहालयातले जिवंत पोपट बघून. 42 चित्रं, छापण्यासाठी दगडावर स्वतः रेखाटलेली, रंग हाताने भरलेले. पिसाची कड अन् कड दिसते. ब्राझीलमधल्या एका निळ्या मकाव पोपटाला पुढे त्याचंच नाव मिळालं.

लिमरिकांबद्दल, म्हणजे त्याच्या छोट्या गमतीच्या पदांबद्दल, माझं मत मधेच बदललं. 1846च्या पुस्तकातली ही पदं मनात वाचताना शेवटची ओळ खटकायची, कारण ती जवळजवळ पहिलीच ओळ परत येते. मग भाचीला मोठ्याने वाचून दाखवायला लागलो. ती ओळ यायच्या आधीच ती ओरडून म्हणते. ऐकणाऱ्याला पुढचं ठाऊक असावं, म्हणूनच ती तशी आहे.

आपल्यासाठी खास म्हणजे 'द कमरबंद' ही कविता. व्हाइसरॉय नॉर्थब्रुकच्या आमंत्रणावरून लिअर नोव्हेंबर 1873मध्ये मुंबईत उतरला आणि वर्षभराहून जास्त भारतभर हिंडला. पुढच्या जूनमध्ये तो पुण्यात होता आणि जुलैत मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियात ही कविता आली. तिच्यात बाई धोब्यावर बसते, जाणारे पंखे तिच्या रूपाची तारीफ करतात, खानसामे झाडांसारखे वाढतात, आणि कमरबंद हा अक्राळविक्राळ प्राणी तिला गिळतो. हे शब्द घरात ऐकलेल्या माणसाला ती जेवढी हसवते, तेवढी लंडनच्या वाचकाला हसवत नसणार. संपादकांनी इथे टिपा मोजक्या ठेवल्यात, ते बरं केलं.

पुस्तक शेवटी ओळखीच्या बाइंडिंगवाल्याकडून दोऱ्याने शिवून घेतलं. खर्च पदरचाच. पण आता ते सपाट उघडतं आणि दार्जिलिंगहून दिसणारं कांचनजंगा, जे दोन पानांच्या घडीत अडकलं होतं, ते पहिल्यांदा सलग पाहिलं. लिअरने हा देखावा परत गेल्यावर तैलरंगात रंगवला. पुढची झाडी गडद, दरीत धुकं आणि मग एकदम बर्फ. बराच वेळ पान उलटवेना.

तरी चित्रांसाठी घेत असाल तर पैसे घालवू नका. हार्वर्डच्या हॉटन लायब्ररीत लिअरची हजारो रेखाटनं आहेत आणि ती नेटवर फुकट, हवी तेवढी मोठी करून पाहता येतात, पेन्सिलीच्या नोंदींसकट. पोपट आणि गाणी हवी असतील तर घ्या, पण पानं सुटायची वाट न बघता आधीच शिवून घ्या.