वॅगन-आर, 998 सीसी पेट्रोल: जुनी ठेवावी की नवी घ्यावी?
2010 नंतरच्या या गाडीचं इंजिन तीन सिलिंडरचं; त्यात व्हॉल्व्हची उघडझाप जुळवायला बेल्टऐवजी टायमिंग चेन असते, त्यामुळे टायमिंग बेल्ट बदलायचा खर्च नाही. ऑइल, फिल्टर, कूलंट वेळेवर बदललं तर ते सहसा दगा देत नाही. खड्ड्यात 'खट्' वाजलं की आधी पुढच्या सस्पेन्शनचा लिंक रॉड, मग लोअर आर्मचे बुश (सांध्यातले रबर) बघा. इंजिन चालू ठेवून उभ्या गाडीत स्टिअरिंग थरथरलं तर संशय इंजिन माउंटिंगवर, म्हणजे इंजिन ज्यावर बसवलेलं असतं त्या रबरांवर. एवढ्यासाठी नवा हप्ता गळ्यात घेऊ नका.

गंजाचं मात्र वेगळं. कोकणातली गाडी रॅम्पवर चढवा, दाराखालच्या पत्र्याच्या कडा स्क्रू ड्रायव्हरने दाबा. टोक आत घुसलं तर विकाच. 15 वर्षांनी आरटीओत फिटनेस, फेरनोंदणी आणि पर्यावरण कर येतो. रोज हायवेवर मुलांना नेत असाल तर एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), एअरबॅग नसलेलं मॉडेल खरंच बदला.